कंपनी बदलेपर्यंत

सासूबाईंना गेली काही वर्षं ऐकू येत नाही. समोरच्याच्या ओठांकडे बघून त्या बोलणं ओळखतात. साधा फोन त्यांच्या उपयोगाचा नव्हता, म्हणून आमच्या घरी ब्रॉडबँड आलं. सुरतेत पांडेसऱ्यातलं आमचं घर कापड रंगवणाऱ्या एका मिलच्या मागच्या भिंतीला लागून आहे. घरात मोबाइलला रेंज मिळत नाही. बोलायचं तर गल्लीच्या तोंडापर्यंत जावं लागतं, आणि तिथे टेम्पोंच्या गर्दीत उभं राहून आईला चेहरा दाखवणं माझ्या बायकोला पसंत नव्हतं. "मी काय रस्त्यावर उभी राहून माहेरी बोलू?" असं म्हणून तिने वायर घरात आणवली. मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिक्षक होतो, तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो. मला त्या वायरीचं काही काम नव्हतं. मला पुस्तक आणि खिडकीजवळची खुर्ची पुरत असे.

आम्हाला मूल झालं नाही. दिवसभर ती घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम करायची. मार्केटमधून गठ्ठा यायचा आणि दोन दिवसांनी परत जायचा. दिवेलागण झाली की ती साड्या बाजूला सारायची, ओट्यावरच्या पिठाच्या डब्याला टॅबलेट टेकवून उभा करायची आणि माहेरी व्हिडिओ कॉल लावायची. माहेर दोंडाईच्याच्या पुढे, एका लहान गावात. तिथे तिच्या धाकट्या भावाच्या मोबाइलला रेंज चांगली मिळते. तो फोन आईच्या हातात देऊन बाहेर निघून जायचा आणि मायलेकी अर्धा-पाऊण तास बोलत बसायच्या. ती अहिराणीत बोलायची, आवाज न काढता, नुसते ओठ मोठे मोठे हलवून. खुर्चीवरून मला तिची पाठ दिसायची आणि सासूबाईंचा आवाज ऐकू यायचा. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने त्या फार मोठ्यांदा बोलायच्या. ती कढईवरचं झाकण काढून भाजी दाखवायची. सासूबाई तिकडून चव सांगायच्या. "तेल जास्ती पडनं. जवाईबापूस्ले खोकला व्हई."

कधी कधी ती मला समोर ओढायची. मी दोन वाक्यं बोलायचो. सासूबाई डोळे बारीक करून माझ्या तोंडाकडे बघायच्या आणि लेकीला म्हणायच्या, "जवाईबापूस्न्या मिशाच बोलतस. माले काय समजाव?" माझी मिशी दाट होती आणि वरचा ओठ तिच्याखाली दडलेला असायचा. त्यात मी पुटपुटणारा माणूस. इतक्या वर्षांत माझं एकही वाक्य त्यांना पहिल्या फटक्यात कळलं नव्हतं. ती हसून त्यांना सगळं पुन्हा सांगायची, मी बोललो त्यापेक्षा थोडं जास्तच.

शेवटच्या वर्षी चित्र अडकायला लागलं. सासूबाई तोंड उघडं ठेवून मध्येच थांबायच्या आणि मिनिटभर तशाच राहायच्या. बायकोला ते बघवत नसे. ती टॅबलेट पालथा घालायची. कंपनीत तक्रार करून काही झालं नाही. वर्षाचे पैसे आधीच भरलेले होते. "हे वर्ष संपलं की कंपनी बदला," ती मला म्हणाली. "मी आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही परत त्यांचंच भरून याल."

माघात एका दुपारी टिकल्या लावता लावता ती भिंतीला टेकली. रिक्षाने दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. त्याबद्दल मला एवढंच लिहिता येतं.

सवाष्ण गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं घालतात. मेहुण्याला निरोप मिळाला तेव्हा गावातली दुकानं बंद झाली होती आणि सुरतेकडची गाडी तर पहाटेची. त्याने आईच्या पेटीतलं हिरवं लुगडं काढून आणलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीला द्यायचं म्हणून सासूबाईंनी ते आधीच घेऊन ठेवलेलं होतं. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी जातात. ही कधी चुकली नाही. लुगड्याची घडी उलगडली तेव्हा काठाच्या एका कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लावलेलं मला दिसलं. तेव्हा मी ते नुसतं पाहिलं.

"आईला सांगितलं?" मी मेहुण्याला विचारलं.

"आई झोपली होती," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर आम्ही दोघे स्वयंपाकघरात बसलो. तो बराच वेळ पाण्याचा पेला हातात फिरवत होता.

"दाजी, आईचं वय बघा. मागच्या खेपेला डॉक्टर म्हणाले होते, हिला धक्का सोसायचा नाही. मी येताना घरी थोरल्या वहिनीला सांगून आलो की आईला म्हणावं, मी कामासाठी सुरतला गेलोय. आणि ताईचं नेट बंद आहे, ते कंपनी बदलताहेत, म्हणून फोन येत नाही." तो माझ्याकडे बघत नव्हता. "निदान कंपनी बदलेपर्यंत तरी जाऊ द्या. मग बघू."

त्याच्या डोक्यावर भिंतीला कंपनीचा डबा होता आणि त्याचा हिरवा दिवा लागलेला होता. मी मान हलवली. माझा त्या खोट्यातला वाटा तेवढाच होता, पण ते खोटं त्या मानेवरच उभं राहिलं.

दहाव्याला मीच क्रिया केली. डोकं भादरलं, मिशी काढली. मेहुणा गावी परतताना दोंडाईच्याला उतरला आणि तसंच हिरवं लुगडं शोधून घेऊन गेला. "पेटीत त्याच जागी ठेवलंय," तो फोनवर म्हणाला. "रंग तोच, काठ तोच. आईला कळायचं नाही." ते लुगडं बहुधा आमच्या या भिंतीपलीकडेच रंगलेलं असेल. इथलीच लुगडी तिकडच्या दुकानात जातात.

पुढचे आठवडे मी रोज संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहायचो. मेहुण्याचा फोन यायचा.

"आई विचारते, नेट उनं का."

"मग?"

"मी म्हटलं, सुरतेत कामं अशीच चालतात, आज येतो उद्या येतो. तर आई म्हणे, मुडदा बशो त्या कंपनीना." आणि तो थोडं हसायचा. मीही हसायचो. आम्ही दोघे मिळून काहीतरी निभावून नेतो आहोत असं त्या हसण्यात असायचं. त्याची मला आता शरम वाटते. तेव्हा वाटत नव्हती. सासूबाईंना कळलं की त्या रडतील, आणि ते रडणं मला बघावं लागेल, याची मला भीती होती. खोटं त्यांच्यासाठी होतं असं आम्ही म्हणायचो. पण रात्री त्या खोट्यामुळे शांत झोपायचो तो मीच.

डोक्यावर केस आले. मिशी मी पुन्हा राखली नाही. ठरवून नव्हे. दाढी करताना हात आपसूक वरच्या ओठावरून फिरायचा आणि मी तो थांबवायचो नाही.

चैत्र लागला तेव्हा गावाकडून येणाऱ्या एका माणसाबरोबर सासूबाईंनी बिबडे पाठवले. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, भाजून खायचे. बायकोला ते तिखटजाळ लागायचे. दरवर्षी पुडक्यात लालभडक बिबडे असत आणि सासूबाई व्हिडिओवर सांगत की जवाईबापूंसाठी बिनतिखटाचे वेगळे घातलेत. ते वेगळे बिबडे मला कधी सापडले नाहीत. मी तिखटच खायचो, डोळे पुसत, आणि ती समोर बसून म्हणायची, "रडा, रडा. सासरचं अन्न आहे."

या वर्षीचं पुडकं उघडलं तर सगळे बिबडे पांढरट होते. एक भाजून खाल्ला. तिखटाचा कण नव्हता. मला वाटलं, वय झालं, म्हातारी तिखट घालायलाच विसरली. मी दोन-तीन दिवस ते जेवणात खाल्ले आणि पोटाला बरं वाटलं.

चैत्र संपत आला आणि कंपनीचा संदेश आला की वर्ष पुरं होतंय, पुढचे पैसे भरा. मी भरले नाहीत. दुसऱ्या कंपनीच्या माणसाला बोलावून फॉर्म भरला. मग जुन्या कंपनीतून फोन आला. मी गल्लीच्या तोंडाशीच होतो. एक बाई हिंदीत बोलत होती, आवाज तरुण होता आणि फार आदराने बोलत होती.

"सर, आप हमें छोड़ क्यों रहे हैं?"

"पिक्चर अटकता है," मी म्हणालो.

"एक मिनट सर." ती काहीतरी बघत असावी. "सर, दो महीने से आपका नेट इस्तेमाल ही नहीं हुआ है. तो पिक्चर कब अटका?"

"पहले अटकता था."

"अब नहीं अटकता?"

"अब कोई बात नहीं करता."

ती म्हणाली, "तो सर, छोटा प्लान ले लीजिए. आपको सस्ता पड़ेगा."

मी नको म्हटलं. खरं कारण मी तिला सांगू शकलो नसतो. एक तर बायको सांगून गेली होती. दुसरं म्हणजे, आम्ही रोज सासूबाईंना सांगत होतो की कंपनी बदलतोय. मला वाटलं, निदान ते तरी खरं व्हावं. माणूस पडलेल्या घराची कडी लावून बाहेर पडतो, तसं ते होतं.

मेहुणा घाबरला. "दाजी, तुम्ही खरंच बदलताय? मग आईला काय सांगू?"

"तूच म्हणाला होतास, कंपनी बदलेपर्यंत."

"ते बोलायला म्हणालो होतो. आखाजी तोंडावर आहे. आई घरभर सांगत फिरते, आखाजीले आंडेर येई, लेक येणार. आखाजी पार पडू द्या दाजी. मग मी स्वतः सांगतो. तुमच्या पाया पडतो."

जुन्या कंपनीचा माणूस डबा काढून घेऊन गेला. भिंतीवर त्याच्या आकाराचा स्वच्छ चौकोन राहिला. नवा माणूस तीन दिवसांनी यायचा होता. ते तीन दिवस आमचं नेट खरोखर बंद होतं. मेहुण्याने फोनवर विचारलं, मी म्हणालो, "बंद आहे," आणि घरी येऊन जेवलो. कितीतरी दिवसांनी मी खरं बोललो होतो. फार क्षुद्र समाधान होतं, पण होतं.

चौथ्या दिवशी सकाळी नवा माणूस आला. चाळिशीचा, शांत, पायातल्या चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवणारा. भिंतीतल्या जुन्याच भोकातून त्याने नवी तार आत घेतली, त्याच चौकोनावर नवा डबा बसवला. स्वयंपाकघर बघून म्हणाला, "काकी गाँव गई हैं?" मी पाण्याचा पेला पुढे केला.

"काका, किस काम के लिए लिया है? पिक्चर-विक्चर देखना है?"

"व्हिडिओ कॉल," माझ्या तोंडून गेलं.

"तो वही करके देख लेते हैं."

टॅबलेट पिठाच्या डब्यामागे तसाच होता. मी पुसून चार्जिंगला लावला. तो सुरू झाल्यावर त्याने दोनदा बोट फिरवलं. "इसमें तो एक ही नंबर है काका. लगाऊँ?"

मला सांगता आलं असतं की हा नको. त्याच्या स्वतःच्या फोनवर लावता आला असता. सकाळची वेळ होती, मेहुणा शेतात असणार, फोन त्याच्या खिशात असणार, तो कापून टाकेल, असंही मनात आलं. आणि त्याच्याही खाली असं होतं की, लागू दे. मी मान हलवली.

फोन सासूबाईंनी उचलला. त्या दिवशी मेहुणा तो घरी चार्जिंगला लावून गेला होता, हे मला नंतर कळलं. पडदा उजळलेला त्यांना दिसला असावा. आधी कपाळ दिसलं, मग एक कान, मग पूर्ण चेहरा. चेहरा लहान झाला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या मागे बघितलं, ओट्याकडे, मग दाराकडे, मग पुन्हा ओट्याकडे. मग त्यांची नजर माझ्या तोंडावर आली आणि तिथे थांबली.

मला तोपर्यंत आठवलंच नव्हतं की माझा ओठ उघडा आहे. इतक्या महिन्यांत मला निरखून बघणारं कुणी नव्हतं. मी काय लपवायचं ते रोज घोकत होतो आणि चेहऱ्याचा विचारच केला नव्हता.

"मिशी काढी टाकी," त्या म्हणाल्या. विचारलं नाही. नेहमीसारखं मोठ्यांदाही नाही.

"हिरवं लुगडं तिलेच नेसाडं ना?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो. त्यांनी ते लगेच ओळखलं. माझ्या ओठांवरचा पहिला शब्द, जो त्यांना दुसऱ्याने सांगावा लागला नाही.

मागून तार गुंडाळता गुंडाळता तो माणूस म्हणाला, "अटक तो नहीं रहा ना काका? एकदम साफ है."

चित्र खरंच साफ होतं. सासूबाईंच्या पापण्यासुद्धा दिसत होत्या. त्या सांगत होत्या, तुटक तुटक. पेटीतलं लुगडं कोरं होतं. त्यांनी तर काठाला हळदीकुंकू लावून ठेवलं होतं. पेटी उघडल्या दिवशीच त्यांना कळलं की हे ते नव्हे. पोरगा एका पहाटे न सांगता सुरतेला जातो, पेटीतलं नवं लुगडं जातं, आणि लेकीचा फोन बंद होतो. "माले ऐकू येत नही," त्या म्हणाल्या, "पन मी येडी नही."

मी त्यांना विचारलं असावं की मग बोलला का नाहीत, किंवा नुसते ओठ हलले असावेत. त्या म्हणाल्या, "पोरं माले जपी राह्यनात. मी रडानं कसं? रडनू तं आवाज किती निंघस ते माले समजस नही." रडताना आवाज किती होतो हे स्वतःला कळत नाही, म्हणून त्या रडल्याच नव्हत्या. घरात कुणाला ऐकू जाईल म्हणून. इतके महिने.

मग त्यांनी विचारलं, "कोनता दिन व्हता?"

मी तिथी सांगितली. त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजलं, पुन्हा मोजलं. मुलगा सुरतेला गेला त्या दिवसापासून धरून त्यांनी दहाव्याला, गोधड्या धुवायचं निमित्त करून, नदीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं होतं. "मी एक दिन चुकनू," त्या म्हणाल्या. त्या एवढ्याच गोष्टीवर त्यांचा चेहरा मोडला. पण आवाज त्यांनी काढला नाही, तोंडावर पदर दाबून धरला. मी हात जोडले.

थोड्या वेळाने पदर खाली आला. "पोरेस्ले सांगू नका," त्या म्हणाल्या. "त्या घाबरतीन." आणि मग, माझ्याकडे न बघता, "आते फोन करू नका. तुमना मांगे तिनी चूल दिखस."

फोन बंद करायचं बटण त्यांना सापडलं नाही. पडद्यावर घराची तुळई आणि कौलं दिसत राहिली, बराच वेळ. शेवटी मीच बंद केला. त्या माणसाने माझी सही घेतली. दाराशी चपला घालताना म्हणाला, "कंपनी से फोन आएगा काका. बोल देना, काम अच्छा हुआ." मी बरं म्हणालो. काम चांगलंच झालं होतं.

दुपारी मी बिबड्यांचा डबा काढला. तळाशी चार-पाच उरले होते. त्यांनी चैत्रात, पहाटे उठून ज्वारीचं पीठ शिजवून, एका माणसापुरते बिबडे घातले होते. तिखट खाणारी उरली नाही हे त्यांना माहीत होतं. घरात सगळ्यांदेखत आंडेरसाठी म्हणून घातले असतील, आणि सून तिखटाचा डबा पुढे करत असताना नको म्हणाल्या असतील, किंवा हात तिथपर्यंत नेऊन मागे घेतला असेल. सुरतेत बसून मी ते खाल्ले आणि पोटाला बरं वाटलं. त्यांना दुसऱ्या कुणाला सांगता येत नव्हतं ते त्यांनी मला सांगितलं होतं, आणि म्हातारी विसरली असं मी म्हणालो होतो.

संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी गेलो. टेम्पो साड्यांचे गठ्ठे घेऊन चालले होते. मेहुण्याचा फोन आला.

"दाजी, आलं का नेट?"

मी एका कानावर हात ठेवला. "नाही अजून."

"चला, बरं झालं." त्याने श्वास सोडलेला मला ऐकू आला. "आखाजी होऊन जाऊ द्या. आई आहे इथेच बाजूला. आत्ता पुन्हा विचारत होती, नेट उनं का. काय सांगू तिला?"

"सांग," मी म्हणालो, "की अजून नाही आलं."